बूम आपोआप वर चढतोय? सेन्सर बदलण्याआधी या चुका तपासा

पावसाळा लागला की रबाळे एमआयडीसीतल्या माझ्या वर्कशॉपमध्ये कुरियरची खोकी येऊ लागतात. आत फवारणी यंत्राच्या बूमचा, म्हणजे नोझल लावलेल्या लांब आडव्या दांड्याचा, पिकापासूनची उंची मोजणारा अल्ट्रासोनिक सेन्सर आणि चिठ्ठी: 'खराब आहे, बदलून द्या.' मी तो टेबलावर जोडतो, समोर 50 सेंटिमीटरवर पुठ्ठा धरतो, आणि बहुतेक वेळा आकडा बरोबर 50 येतो.

सगळ्यात जास्त पैसे खाणारी चूक म्हणजे सेन्सरच्या पुढ्यात काहीतरी लोंबकळत ठेवणं. हा सेन्सर पीक ओळखत नाही. माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि तो आपटून परत यायला किती वेळ लागला, तेवढंच मोजतो. अर्ध्या मीटरवरून जाऊन यायला जेमतेम 3 मिलिसेकंद. आवाज खाली जाताना शंकूसारखा पसरतो. त्या शंकूत पाइप आला की सेन्सरच्या लेखी तेच पीक.

वाशिमच्या एका शेतकऱ्याचा जुलैत फोन आला, "भाऊ, डावी बाजू वरच चढते, औषध सगळं वाऱ्यावर जातं." दोन सेन्सर बदलून झाले होते. दोन्ही माझ्याकडे आले, दोन्ही चांगले निघाले. शेवटी सानपाड्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून गेलो. मशीन उभं असताना सगळं ठीक. पंप चालू केला आणि बूम हळूहळू वर जाऊ लागला. मी खाली बसून बघत राहिलो. सेन्सरची पट्टी बांधाच्या झाडाला अडकते म्हणून गावातल्या वेल्डरकडून ती मागे सरकवून घेतली होती. शेजारीच नोझलच्या लाइनचा पाइप होता. दाब चढला की तो पाइप ताठ व्हायचा आणि चार बोटं सरकून बरोबर सेन्सरखाली यायचा. सेन्सरच्या आकड्यावरून बूम वर-खाली करणाऱ्या कंट्रोलरला वाटायचं बूम पिकावर टेकतोय, म्हणून तो उचलायचा. पाइपला दोन झिप टाय मारले, पट्टी पुन्हा पुढे घेतली. काम वीस मिनिटांचं, पण ऐन फवारणीचे अकरा दिवस गेले होते. तेव्हापासून मी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतो: पंप चालू ठेवून खाली वाकून बघितलंत का?

दुसरी चूक उंचीच्या हिशोबाची. 110 अंशांत फवारा पसरवणारी नोझल एकमेकांपासून 50 सेंटिमीटर अंतरावर असतील तर नोझलच्या टोकापासून पिकाच्या शेंड्यापर्यंत साधारण 50 सेंटिमीटर धरतात. लोक हेच 50 सेन्सरला देतात. सेन्सर नोझलपेक्षा 12 सेंटिमीटर वर बसवला असेल तर त्याला 62 द्यायला हवेत. नाहीतर बूम तेवढा खाली येतो, फवारे एकमेकांवर हवे तेवढे चढत नाहीत आणि औषध पट्ट्यापट्ट्याने कमी-जास्त पडतं. मी नेहमी टेपने नोझलच्या टोकापासून मोजतो, आणि तेही शेतात. अंगणातल्या काँक्रीटवर कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरचं माप जुळवणं, उरकण्याची घाई मला अजिबात पटत नाही. काँक्रीटवरून आवाज खणखणीत परततो, पानांवरून विखुरतो. सोयाबीन पंधरा दिवसांचं असताना तर सेन्सरला ओळींमधली मातीच दिसते. त्या वयात जमिनीपासूनची उंची धरा, पानांनी ओळींमधली माती झाकल्यावर शेंड्यापासूनची.

सेन्सर फार खाली बसवू नका. तोंडापासून ठरावीक अंतराच्या आत, बऱ्याच सेन्सरमध्ये 20 ते 30 सेंटिमीटर, त्याला मोजताच येत नाही.

उन्हात तापलेलं मशीन थेट कामाला लावू नका. 20 अंशांना आवाजाचा वेग सेकंदाला 343 मीटर, 40 अंशांना सुमारे 355. सेन्सर ही तफावत भरून काढतो, पण त्याची काळी डबी हवेपेक्षा जास्त तापली असेल तर हिशोब चुकतो. दहा मिनिटं वाऱ्यावर चालू द्या.

दोन सेन्सर अगदी शेजारी लावू नका, एकाचा आवाज दुसरा ऐकतो. एअर लाइन (दाबाच्या हवेचा पाइप) गळून फुसफुसत असेल तर ती गळती आधी बंद करा, त्या फुसफुशीतही अल्ट्रासोनिक आवाज असतो.

प्रेशर वॉशर सेन्सरच्या तोंडावर मारू नका, हे मी हात जोडून सांगतो. तोंडावरचा पातळ थर कडेने उचकटला की आत पाणी जातं आणि तो सेन्सर खरोखरच मरतो. डिझेल नको, थिनर नको. संध्याकाळी औषध वाळायच्या आत साध्या पाण्याचा ओला फडका फिरवा. मी बादली मशीनवरच बांधून ठेवायला सांगतो.

कनेक्टरवर इन्शुलेशन टेप गुंडाळली की आत शिरलेलं पाणी कोंडतं. तांब्याचं औषध मारणाऱ्यांकडचे कनेक्टर उघडले की पिना हिरव्या झालेल्या दिसतात. स्वच्छ करा, सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा, नीट आवळा.

आणि तरीही सेन्सर पाठवायचाच असेल तर त्याची केबलही काढून द्या, सोबत पंप चालू असतानाचा पट्टीचा फोटो, खालून काढलेला.