कच्च्या कैद्यांसोबत काम करताना आधी केसेस मोजा

एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) करून आलेली मुलं जेलमध्ये शिरतात ती समुपदेशन, व्यसनमुक्ती, शिवणवर्ग असं सगळं डोक्यात घेऊन. त्यात वावगं काही नाही. पण कल्याण, भायखळ्यासारखं जिल्हा कारागृह असो की एखादं उपकारागृह, समोर बसलेले बहुतेक जण कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून संपलेला नसलेले, असतात. आज वर्गात असलेला उद्या तारखेला जातो आणि तिथूनच सुटतो, नाहीतर दुसऱ्या जेलला जातो. तेव्हा बारा सत्रांचे आराखडे बनवू नका. बॅनर लावून फोटो काढायला ते बरे असतात, बाकी काही नाही. प्रत्येक भेटीत हाती घेतलेलं एक काम त्याच भेटीत संपलं पाहिजे.

परवानगी, झडती, मोबाइल जमा करणं हे तुम्हाला ठाऊक आहेच. चिठ्ठी किंवा बिडी आत-बाहेर करू नका, अगदी "फक्त आईला द्या" म्हटलं तरी. त्यात संस्थेची परवानगी जाते.

आता खरी गोम. "मॅडम, जामीन झालाय, फक्त पंधरा हजार भरायचेत," असं कैदी सांगतो आणि खोटं बोलत नसतो. घरचे पोत गहाण टाकतात, प्रोव्हिजनल कॅश बेल (जामीनदार मिळेपर्यंत रोख भरून मिळणारा तात्पुरता जामीन) भरतात, सुटकेचा हुकूम जेलला पोचतो, आणि माणूस आतच. कारण दुसऱ्या ठाण्याची केस उभी असते आणि तिचं वॉरंट जेलच्या दप्तरात असतं. पैसे पहिल्या केसमध्ये अडकले ते अडकलेच. शिवाय तिथला जामीन भरल्यामुळे पुढचे दिवस त्या केसची कोठडी म्हणून धरले जात नाहीत. उद्या शिक्षा लागली तर आधी आत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात, त्या वजावटीत तेवढे दिवस कमी. उलटही होतं: दुसऱ्या केसमध्ये नाव आहे पण त्यात अटकच दाखवलेली नसेल, तर आत काढलेले महिने त्या केसला लागू होत नाहीत. पैसे कुठे आणि कधी भरायचे हे म्हणूनच वकिलाने सगळ्या केसेस समोर ठेवून ठरवायचं.

सीआरपीसीच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479ही इथेच दगा देतं. पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश, एरवी निम्मा काळ आत काढल्यावर सुटका, एवढं वाचून नवे लोक बोटांवर महिने मोजतात आणि कैद्याला शब्द देऊन बसतात. फाशी-जन्मठेपेच्या कलमांना हे लागू नाही. आणि एकाहून जास्त केसेस प्रलंबित असतील, तर या कलमाखाली सुटका नाही. शब्द देऊ नका.

म्हणून पहिल्या भेटीतच एक तक्ता: पोलीस ठाणे, गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं, कोर्ट, केस नंबर, अटकेची तारीख, पुढची तारीख, जामीन, वकील. केसला एक ओळ. "केस नंबर काय?" विचारलंत तर उत्तर मिळणार नाही. कुठल्या पोलिसांनी धरलं, कोर्टात कितव्या मजल्यावर नेतात, जोडीला कोण आरोपी, हे विचारा. मग ऑफिसात वॉरंटं सांभाळणाऱ्या टेबलाशी पडताळा. बाहेर आल्यावर ई-कोर्टच्या वेबसाइटवर 16 अक्षरांचा सीएनआर, म्हणजे केसचा ओळख क्रमांक, शोधून ठेवा. नावाने शोधताना आडनाव आधी, नंतर, "उर्फ" सगळं घालून बघा. वॉरंटांच्या टेबलावरचा जुना हवालदार तुम्हाला दहा कार्यशाळांपेक्षा जास्त शिकवेल. त्याच्याशी नीट वागा.

घाबरू नका, तुम्हाला वकील व्हायचं नाही. कोठडीतल्या प्रत्येकाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तक्ता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे न्या. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2023च्या निर्देशांप्रमाणे जामीन होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही, तर अधीक्षकांनी सचिवांना कळवायचं असतं. महिनाभरात बंधपत्र दिलं गेलं नाही तर कोर्ट स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं. महिना भरण्याची ही तारीख तक्त्यावर लाल पेनने लिहा. जामीनदार गावचा असेल तर सातबारा किंवा घरपट्टी, रेशनकार्ड, आधार, फोटो आधीच गोळा करायला सांगा. सॉल्व्हन्सीला, म्हणजे जामीनदाराच्या ऐपतीच्या दाखल्याला, तहसीलमध्ये वेळ जातो.

कोर्टाच्या आवारात भाड्याने मिळणारे जामीनदार हा शॉर्टकट कुणी सुचवला, भले तो तुमचा सीनियर असो, तर स्पष्ट नाही म्हणा. कागद बनावट निघाले की जामीन रद्द होतो आणि नवा गुन्हा चढतो, म्हणजे तक्त्यात आणखी एक ओळ.

कॅश बेलवर सुटलेल्याला कोर्टाने दिलेल्या मुदतीत, बहुधा चार आठवड्यांत, पक्का जामीनदार द्यावा लागतो. तो विसरतो, वॉरंट निघतं, आणि माणूस परत आत. सुटायच्या आधीच त्याच्या हातात एक चिठ्ठी द्या, जेलरना दाखवून: मुदतीची तारीख, कोर्ट नंबर, वकिलाचा फोन. दुसरी प्रत बायकोला किंवा आईला, कारण पहिली बहुधा खिशातच धुतली जाते.