पेटी नीट येत नसली तरी रोज मजेत कशी वाजवायची

बऱ्याच घरांत आजोबांची नाहीतर काकांची पेटी, म्हणजे हार्मोनियम, कपाटावर पडून असते, गणपतीत आरतीपुरती खाली उतरते आणि कोणी वाजव म्हटलं की आपण लगेच छे छे मला कुठे येते. येत नसली तरी वाजवा. चांगलं वाजायला लागल्यावर मजा येईल असं धरून बसलात ना तर ती पेटी तशीच कपाटावर राहणार, मजा आजच्या आज घेता येते आणि ती कशी ते सांगते.

मुळात कच्च्या हातासाठी पेटी फार प्रेमळ वाद्य आहे. बासरीत धड फुंक लागायलाच वेळ जातो, व्हायोलिनवर बोट जरा सरकलं की सूर गेला, पण पेटीची पट्टी दाबली की स्वर बरोब्बर जागेवर येतो. यामुळेच तिच्यातून मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (स्वरांमधले बारीक फरक) दाखवता येत नाहीत अशी तक्रार व्हायची आणि १९४० साली रेडिओवर तिला बंदीसुद्धा झाली होती, ती सैल झाली थेट १९७१ मध्ये. पण आपल्याला कुठे मैफल गाजवायचीय, आपल्याला तो अढळ स्वर हवाच आहे.

आता करायचं काय, तर आधी सगळे स्टॉपर (पुढच्या ओढायच्या खुंट्या) ओढू नका, एकदोनच उघडा म्हणजे भाता (मागचा हवा भरायचा पंखा) हलका चालतो आणि आवाज मऊ येतो. भाता प्रत्येक पट्टीबरोबर हापसायचा नाही, सावकाश एकसारखा चालू ठेवायचा. मग पेटीच्या मध्यावर जो तीन काळ्या पट्ट्यांचा गट आहे त्यातली पहिली म्हणजे काळी तीन, तिला सा माना. तर्जनी, मधलं बोट, अनामिका अशी त्या तिघींवर ठेवा, हे झाले सा रे ग. पुढच्या दोन काळ्यांवर परत तर्जनी आणि मधलं बोट, हे प आणि ध. त्याच्या पुढची काळी म्हणजे वरचा सा. झाला भूप राग! पांढरीला हात लावायचाच नाही. भूपात मध्यम आणि निषाद नसतातच, त्यामुळे काळ्यांवरून कसेही फिरलात तरी परका स्वर लागत नाही आणि चुकण्याची भीतीच निघून जाते. मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप काळी तीनवर लावा (त्यात एफ शार्प असं दिसेल), हळूहळू फिरत राहा, आणि ग वर जरा जास्त थांबून बघा. भूपाचा वादी म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा स्वर आहे तो, थांबलात की खोली भरून जाते अगदी.

दोन गोष्टी मात्र मनापासून सांगते. सुरुवातीलाच रेकॉर्ड करून फॅमिली ग्रुपवर टाकू नका, कारण मग कान स्वराकडे राहत नाही, कोण काय म्हणेल तिकडे जातो. आणि लगेच गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक या संगीत परीक्षेचा फॉर्म पण भरू नका, परीक्षा छानच आहे पण ज्याला हवी त्याला. सोबत हवी असेल तर जवळचं भजनी मंडळ गाठा, तिथे नुसता सा धरून बसलात तरी गाणाऱ्यांना आधार होतो.

भूपाचा कंटाळा आला की पट्ट्या त्याच ठेवून फक्त सा बदला. काळी एकला (दोन काळ्यांच्या गटातली पहिली) सा मानलं की दुर्गा राग, काळी पाचला (तीनच्या गटातली शेवटची) मानलं की चक्क मालकंस, त्याच पाच काळ्या आणि मूड पार वेगळा! तानपुरा मात्र दरवेळी नव्या सा वर लावायचा, आणि मालकंसात पंचम म्हणजे प नसतो म्हणून तिथे ॲपमध्ये सा-प ऐवजी सा-म चा तानपुरा निवडा, नाहीतर सगळा रंग जातो.