विक्री थंडावली तरी स्वतःवरचा भरवसा कसा टिकवावा: घरून ऑनलाइन साड्या विकणाऱ्यांसाठी

अनंत चतुर्दशी झाली की इन्स्टाग्राम आणि वॉट्सअ‍ॅपवर साड्या विकणाऱ्यांचे फोन गप्प होतात. पितृपक्षात नवं कापड घ्यायचं नाही, हे अजूनही घराघरांत पाळलं जातं. ते माहीत असूनही चौथ्या-पाचव्या दिवशी मनात पाल चुकचुकते: आपला माल लोकांना आवडेनासा झाला का? आपल्याला हे झेपतंय का? त्या धास्तीत भाव पाडले जातात, नको तो माल उचलला जातो. थंड दिवसांपेक्षा ही घाईच जास्त महागात पडते. भरवसा परत आणायला एक वही, एक दिनदर्शिका आणि दोन आठवडे पुरतात.

आधी तुलना सुधारा

‘गेल्या सप्टेंबरच्या निम्मीसुद्धा विक्री नाही’ हे वाक्य बहुतेक वेळा फसवं असतं. 2024 मध्ये गणेश चतुर्थी 7 सप्टेंबरला होती आणि विसर्जन 17 ला. 2025 मध्ये गणपती 27 ऑगस्टलाच बसले, त्यामुळे 8 ते 21 सप्टेंबर पितृपक्षात गेले. म्हणजे त्यातल्या बऱ्याच तारखांना एका वर्षी गौरी-गणपती होते आणि दुसऱ्या वर्षी पितृपंधरवडा. या दोन सप्टेंबरांची तुलना करून स्वतःला नापास करणं हा स्वतःवर अन्याय आहे.

म्हणून तारीख सोडा, तिथी धरा. गेल्या दोन वर्षांच्या ऑर्डरी काढा आणि प्रत्येकीपुढे सण लिहा: गौरींच्या आधीचे दहा दिवस, नवरात्र, दिवाळी, तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई, संक्रांत. मग आषाढ, पितृपक्ष आणि पौष वेगळ्या रंगाने रंगवा. अधिक मास विसरू नका. तो साधारण 32-33 महिन्यांनी येतो. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, 17 मे ते 15 जून, म्हणजे ऐन लग्नाच्या हंगामात शालूंना खीळ. त्याच महिन्यात जावयाच्या वाणासाठी अनारसे आणि तांब्याची भांडी विकणाऱ्यांना मात्र उसंत नसते. कुठला महिना थंड, हे मालावर ठरतं. आपला थंड महिना कोणता हे आपल्याच वहीतून कळायला हवं.

तीन आकडे लिहा

रोज रात्री नव्हे, आठवड्यातून एकदा, रविवारी. किती जणांनी पाहिलं, किती जणांनी विचारलं, किती जणांनी पैसे भरले.

समजा एरवी आठवड्याला 40 चौकशा येतात आणि 6 साड्या जातात. आता 13 चौकशा आल्या आणि 2 गेल्या. प्रमाण तेच आहे: विचारणाऱ्या साधारण सात बायकांमागे एक घेते. याचा अर्थ माल, भाव, बोलणं सगळं जागेवर आहे, फक्त येणं-जाणं कमी झालंय. पण चौकशा 40 आणि विक्री 2 असेल तर दुखणं दुसरीकडे आहे. फोटोत रंग खरा दिसत नसेल, कुरिअरचे पैसे शेवटी सांगितले जात असतील, नाहीतर उत्तर चार तासांनी जात असेल. मनातल्या धास्तीला असं नाव मिळालं की ती निम्मी होते.

सूट देण्याआधी हिशेब मांडा

1800 रुपयांची साडी. खरेदी 1250, कुरिअर 80, पॅकिंग 20. हातात राहतात 450. वीस टक्के सूट दिली की भाव 1440 होतो आणि हातात उरतात 90. पूर्वी एका साडीत मिळायचं तेवढं मिळवायला आता पाच विकाव्या लागतील, तेही गिऱ्हाईक नसलेल्या दिवसांत. शिवाय ज्यांनी महिन्याभरापूर्वी पूर्ण भावाने घेतली त्या दुखावतात. सूट द्यायचीच तर पदराला डाग असलेल्या किंवा वर्षभर पडून असलेल्या मालावर द्या आणि कारण स्पष्ट सांगा.

स्वतःला छोटा शब्द द्या आणि तो पाळा

खरी पायरी हीच. विक्री आपल्या हातात नसते, म्हणून ‘आज तीन साड्या विकेन’ हा शब्द देऊच नका. तो मोडला की भरवसा आणखी ढासळतो. पूर्णपणे आपल्या हातातलं एकच काम निवडा. उदाहरणार्थ, सकाळी अकराच्या आत खिडकीपाशी एका साडीचे तीन फोटो: पूर्ण पदर, काठ जवळून, आणि उलटी बाजू. उलटी बाजू दाखवणारे थोडे असतात, पण विणकाम जाणणारी बाई आधी तीच पाहते. फोटो झाले की वहीत खूण करा.

पहिला आठवडा एवढंच. दुसऱ्या आठवड्यात दुसरं काम जोडा. पहिल्याच दिवशी सहा कामं ठरवली की तिसऱ्या दिवशी वही बंद पडते. पाहुणे आले, ताप आला तर तीनऐवजी एक फोटो काढा, पण खूण चुकवू नका.

दुसरं काम म्हणून जुन्या गिऱ्हाइकांशी बोलणं उत्तम. रोज पाच जणी, नावाने, विकायचा आग्रह न करता: ‘सुनीताताई, मागच्या वर्षी घेतलेल्या इरकलचा रंग कसा राहिलाय? पहिल्या धुण्यात गेला तर नाही ना?’ रंग गेल्याचं कळलं तर तेही सोन्यासारखं आहे, विणकराला सांगता येतं.

इथे एक तांत्रिक गोष्ट अनेकांचं मन उगाच मोडते. वॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) 256 नंबर बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला नाही त्यांना तो मेसेज पोचतच नाही. दोनशे जणींनी दुर्लक्ष केलं असं वाटतं, प्रत्यक्षात त्यातल्या अनेकींना तो गेलेलाच नसतो. पार्सलमधल्या चिठ्ठीवर ‘नंबर सेव्ह करा’ असं आजपासून लिहा.

रात्री निर्णय नाही

भाव, जाहिरात, नवा माल, दुकान बंद करणं यांतलं काहीही रात्री नऊनंतर ठरवू नका. सुचलं ते वहीत लिहा आणि दोन दिवसांनी सकाळी वाचा. घरखर्चाचे पैसे धंद्याच्या पैशांपासून वेगळ्या खात्यात ठेवा. दोन्ही एकत्र असले की किराण्याचं बिल आलं तरी धंदा बुडाल्यासारखं वाटतं.

आता शंका कधी खरी मानायची? तिथीने तुलना करूनही सलग दोन सणांत विक्री खाली आली आणि चौकशांमागचं प्रमाणही घसरलं, तर बदल हवाच. तेव्हा एकच गोष्ट बदला, फोटो किंवा भाव किंवा मालाचा प्रकार, आणि तीन रविवार आकडे लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला हे वहीलाही सांगता येणार नाही.