कॅमेऱ्याआधी माइक: व्हिडिओच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

या कामात येऊ पाहणारी मुलंमुली भेटली की पहिला प्रश्न असतो, 'ताई, कॅमेरा कोणता घेऊ?' माझं उत्तर ठरलेलं आहे. हातातला मोबाईल पुरेल, आधी माइक घ्या. मी पुण्यात राहून संस्थांसाठी माहितीपट, शेतीविषयक फिल्म आणि शाळांसाठी धड्यांचे व्हिडिओ करते. शूटिंग, एडिटिंग, ग्राफिक्स, सबटायटल्स सगळंच हाताखालून गेलं. पण मागे वळून बघते तेव्हा दिसतं की मला पुन्हापुन्हा काम मिळालं ते आवाजामुळे. चित्र थोडं हललं तर प्रेक्षक चालवून घेतात. बोलणं नीट ऐकू आलं नाही तर कुणी थांबत नाही.

मुलाखतीच्या जागी गेले की लाइट उघडायच्या आधी मी मिनिटभर गप्प उभी राहते. पंखा, पाण्याची मोटर, शेजारचा कुकर, वळचणीतली कबुतरं. आपले कान या आवाजांना सरावलेले असतात, माइक नसतो. पंखा बंद, खिडकी बंद, फ्रिज बंद. फ्रिज बंद केला की गाडीची किल्ली त्याच्यातच ठेवते, म्हणजे तो पुन्हा चालू केल्याशिवाय निघताच येत नाही. साउंडवाल्यांची ही जुनी युक्ती आहे आणि यजमानांचं दूध वाचवते.

कॉलर माइक हनुवटीखाली साधारण वीतभर अंतरावर लावतात, इतकं सगळीकडे सांगतात. खरं काम पुढे असतं. बचत गटातल्या बायकांच्या मुलाखती घेताना मंगळसूत्राचे मणी माइकवर आपटतात, खळ असलेल्या नव्या साडीचा काठ घासतो, हातवारे करताना बांगड्या वाजतात. दागिने काढायला मी कधीच सांगत नाही. 'काकू, मंगळसूत्र जरा पदराच्या आत घेता का?' एवढं विचारते, माइक त्यांच्याच हातात देते आणि कुठे अडकवायचा ते दाखवते. वायर मेडिकलमधल्या चिकटपट्टीने आतून बसवली की घासणं थांबतं. मग हेडफोन लावून त्यांना सकाळी काय काय केलं ते सांगायला लावायचं. 'हॅलो, हॅलो' म्हणताना माणूस वेगळ्या आवाजात बोलतो. गोष्ट सांगताना खरी पट्टी कळते. मोठ्याने बोलतानाही रेकॉर्डिंगची पातळी दाखवणारा मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. तापून बोलायला लागल्यावर आवाज फाटला, तर तो नंतर दुरुस्त होत नाही.

मुलाखत संपली की कुणालाही उठू न देता ३० सेकंद त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करा. याला रूम टोन म्हणतात. मधला एखादा शब्द कापला की तिथे पोकळी जाणवते, ती याच शांततेने भरायची असते. नवे लोक हे हमखास टाळतात, कारण सगळ्यांना गप्प बसवायचा संकोच वाटतो. संकोच करू नका.

चित्राबद्दल थोडक्यात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम (चित्रं) आणि शटरचा वेग १/५० सेकंद ठेवला की ट्यूबलाइट सहसा लुकलुकत नाही. मोबाईलचा फ्रेमरेट बऱ्याचदा कमीजास्त होत राहतो आणि लांब मुलाखतीत ओठ आणि आवाज हळूहळू सुटे होतात. एडिटला बसण्याआधी हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून फाइल स्थिर फ्रेमरेटची करून घ्या. आवाजाच्या सेटिंगमध्ये सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झवर ठेवा.

सॉफ्टवेअरसाठी कर्ज काढू नका. एडिटिंगसाठी डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती आणि आवाजासाठी ऑडॅसिटी, यांवर शिकण्यासारखं भरपूर आहे.

मराठीत काम करणाऱ्यांना आणखी एक जबाबदारी असते, ती अक्षरांची. ॲडोबीच्या प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये वेलांट्या विस्कटल्या, जोडाक्षरं तुटली, तर प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली टेक्स्ट इंजिन बदलून साउथ एशियनचा पर्याय निवडा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर आला तर आधी त्याचं युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि मग ओळ न् ओळ वाचा. 'दुसऱ्या'चं 'दुसर्‍या' झालं तर एक वेळ चालेल, दिसायला दोन्ही सारखीच; पण 'दऱ्या'चा 'दर्या' झाला तर अर्थच गेला. मराठी वळणाचा ल आणि श हवा असेल तर तिरो देवनागरी मराठी हा मोफत फाँट आहे. पडद्यावर चुकीचं मराठी दिसलं की मला खरोखर त्रास होतो, आणि तो तुम्हालाही व्हावा असं वाटतं.

आता कौशल्य दाखवायचं कसं. प्रत्येक कामानंतर एका वहीत लिहा: यात माझ्या हाताने काय झालं, दुसऱ्याने काय केलं, कुठे अडलं, कसं सोडवलं. शोरील, म्हणजे आपल्या कामाच्या निवडक तुकड्यांची फिल्म, दीड मिनिटाची पुरे, पण प्रत्येक तुकड्याखाली तुमचं काम स्पष्ट लिहा: 'फक्त एडिट', 'आवाज आणि सबटायटल्स'. मोठ्या टीमच्या फिल्मचा शॉट स्वतःचा म्हणून लावला तर काम मागायला गेल्यावर दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं. आवाजाचं काम केलं असेल तर तीच मुलाखत सफाईच्या आधी आणि नंतर, अशी लागोपाठ ऐकवा. डिग्रीबद्दल विचारणारे गिऱ्हाईकही हे ऐकून शांत होतात.

दर सांगताना शूट, एडिट, आवाजाची सफाई आणि सबटायटल्स यांचे आकडे वेगवेगळे लिहा. एकच ठोक आकडा दिला की आवाज आणि सबटायटल्स फुकटात धरले जातात. किती वेळा बदल करून देणार तेही त्याच कागदावर लिहा आणि काम सुरू करण्याआधी समोरच्याकडून 'मान्य' असं उत्तर लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर आलं तरी चालेल.