ऊतीसंवर्धनात शोभिवंत रोपांची वाढ खुंटते: माध्यम करताना या चुका टाळा

ऊतीसंवर्धनात रोपाच्या छोट्या तुकड्यापासून बाटलीतल्या पोषक माध्यमावर नवी रोपे वाढवतात. त्यात गुलाब, जरबेरा, कार्नेशन किंवा अँथुरियमचे फुटवे खुंटले की पहिला संशय संप्रेरकांवर घेतला जातो आणि लगेच बीएपी या फुटवे आणणाऱ्या संप्रेरकाची मात्रा बदलली जाते. खरा दोष पुष्कळदा क्षारांत, सामूत (आम्लतेच्या पातळीत) किंवा बाटलीच्या झाकणात असतो, त्यामुळे तपासणीची सुरुवात तिथूनच करावी.

स्टॉक द्रावण (माध्यमासाठी आधीच करून ठेवलेले संहत द्रावण) करताना कॅल्शियम क्लोराइड हे सल्फेट व फॉस्फेटच्या संहत द्रावणात मिसळू नये. तसे केल्यास तळाशी पांढरा साका बसतो आणि वरचे स्वच्छ दिसणारे द्रावण वापरत राहिल्याने रोपांची उपासमार होते. असे द्रावण गाळून वापरण्यापेक्षा टाकून द्यावे. लोहाचा स्टॉक गडद बाटलीत ठेवावा, कारण प्रकाशात लोहाचे ईडीटीए संयुग विघटित होते. कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, असे दिसल्यास आधी हा स्टॉक ताजा करावा. गुलाबात पिवळेपणा तरीही राहिला, तर ईडीडीएचए स्वरूपातील लोह वापरून पाहावे.

सामू 5.7 ते 5.8 ठेवावा आणि तो साखर विरघळल्यावर, पण अगार (माध्यम घट्ट करणारा पदार्थ) घालण्यापूर्वी जुळवावा. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) तो आणखी थोडा उतरतो आणि फार आम्ल माध्यमात अगार नीट घट्ट होत नाही.

सर्वाधिक नुकसान करते ती काचाळ वाढ. पाने जाड, ठिसूळ, अर्धपारदर्शक होतात, फुटवे भरघोस वाटतात आणि अशी रोपे बाहेर काढताच कोमेजतात. जादा सायटोकायनिन (बीएपीसारखी संप्रेरके), मऊ माध्यम, बाटलीत कोंडलेली वाफ आणि अमोनियमचे जास्त प्रमाण ही त्याची मुख्य कारणे आहेत. एमएस (मुराशिगे-स्कूग) या नेहमीच्या माध्यमात लिटरला 1650 मिलिग्रॅम अमोनियम नायट्रेट असते. ते निम्मे करणे, अगार 6 ऐवजी 8 ग्रॅम घेणे आणि हवा खेळती ठेवणारी झाकणे लावणे हे उपाय एकेक करून तपासावेत, म्हणजे गुण कशाने आला ते कळते.

शेंडे काळे पडत असतील आणि बुरशी किंवा जिवाणू दिसत नसतील, तर कॅल्शियमचा विचार करावा. हे मूलद्रव्य बाष्पोत्सर्जनाच्या (पानांतून वाफ बाहेर पडण्याच्या) ओघाबरोबर वर चढते, पण बंद, दमट बाटलीत तो ओघच मंदावतो, म्हणून माध्यमात कॅल्शियम असूनही शेंडा उपाशी राहतो. अशा वेळी नुसता क्षार वाढवण्यापेक्षा झाकण बदलणे अधिक उपयोगी पडते.

मुळे फुटण्याच्या टप्प्यावर पूर्ण ताकदीचे एमएस सहसा नको. निम्म्या क्षारांच्या माध्यमावर बहुतेक शोभिवंत रोपे अधिक चांगली रुजतात.