इंद्रायणी भाताला वास येत नाही? बियाण्याला बोल लावण्याआधी या चुका टाळा

"बियाणंच भेसळीचं निघालं." मावळ-मुळशीत दिवाळीनंतर हे हमखास ऐकू येतं. कधी ते खरंही असतं, पण बऱ्याचदा घोळ जुलैच्या चिखलातच झालेला असतो.

सगळ्यात महाग पडतो तो लावणीचा उशीर. इंद्रायणी १३५ ते १४० दिवसांची. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात रोप टाकलं आणि २१ ते २५ दिवसांचं आवण (लावणीचं रोप) लावलं, तर सप्टेंबरअखेर निसवते (लोंबी बाहेर पडते) नि ऑक्टोबरच्या गारव्यात दाणा भरतो. दाणा भरताना रात्री गार असल्या की सुवास टिकतो, उष्म्यात तो उडतो. म्हणून फार लवकर लावण्याची घाईही नको. उशीर झाला तर मात्र पाऊस जातो, खाचर कोरडं पडतं आणि लोंबीत पळंज (पोचट दाणे) वाढतं.

एका वर्षी मजूर मिळाले नाहीत म्हणून मी ४० दिवसांचं आवण लावलं. उपटतानाच बुडाला कांडी धरलेली दिसत होती. फुटवे आले चुडाला (एका जागी लावलेल्या रोपांच्या झुपक्याला) जेमतेम पाच. आता दोन तुकड्यांत, आठ-दहा दिवसांच्या फरकाने रोप टाकतो. तरीही आवण जास्त वयाचं झालंच, तर चुडात २-३ ऐवजी ३-४ रोपं घ्या आणि अंतर १५ × १५ सें.मी. करा. उंच झालं म्हणून शेंडे मात्र छाटू नका. त्या जखमांतून कडाकरपा रोग शिरतो.

आता अंतर. उक्ती (ठेक्याने) लावणी दिली की बांधाजवळ दाट आणि मधे विरळ, हे ठरलेलंच. डोळ्यांवर विसंबू नका. चार काठ्यांची एक मीटरची चौकट बांधा, खाचरात तीन-चार ठिकाणी ठेवून चूड मोजा. २० × १५ सें.मी.ला ३३ चूड यायला हवेत. पन्नासच्या वर गेले तर बुडाशी हवा खेळत नाही, तुडतुडे बसतात, काडी बारीक राहते. आंबेमोहर किंवा आजऱ्याचा घनसाळ भात तर उंचच. परतीच्या एका सरीत आडवा होतो. पाण्यात टेकलेली लोंबी कोंब धरते, मग कसला सुवास! त्यावर युरियाचा जादा हात मारलात तर लोळणं पक्कंच.

विरळीचा तोटा उशिरा कळतो. मोकळ्या जागेत मागाहून फुटवे येत राहतात, एकाच चुडात पिकलेली आणि हिरवी लोंबी. गिरणीत कणी वाढते.

चारसूत्री पद्धतीने (१५-२५ सें.मी. जोडओळ) लावणार असाल तर दोरी हवीच. ओळी वाकड्या गेल्या की चार चुडांच्या चौकात खताची गोळी खोचायला जागाच सापडत नाही.

नांगे (रोप न जगलेल्या रिकाम्या जागा) भरायचे तर लावणीनंतर आठ-दहा दिवसांतच, बांधाच्या कोपऱ्यात राखून ठेवलेल्या त्याच आवणाने. पुढे भरलेला चूड कापणीला हिरवाच राहतो.