नॅचरल कॉफी शिकायचीय? आधी वाळवण शिका, मशीन नंतर

कॉफीत येणारे बरेच नवे लोक थेट रोस्टिंगच्या, म्हणजे दाणे भाजण्याच्या मागे लागतात, मशीन दिसायला भारी असतं त्यामुळे साहजिक आहे. पण नॅचरलची, म्हणजे फळासकट वाळवलेल्या कॉफीची, चव बिघडते ती बहुतेक वेळा वाळवताना, आणि तिथे एकदा माती झाली की पुढे कितीही हुशार रोस्टर बसवा, काही उपयोग नाही. म्हणून माझं सगळ्यांना हेच सांगणं असतं की एक तरी आख्खा सीझन शेतावर काढा.

नॅचरलमध्ये फळ न सोलता तसंच वाळवतात, बी आतच. येमेन, इथिओपियात ही पद्धत फार जुनी आहे आणि पाणी कमी लागतं हा मोठा फायदा. अरेबिका या कॉफीच्या जातीला फुलापासून फळ पिकेपर्यंत ७ ते ९ महिने लागतात आणि एकाच फांदीवर हिरवी, अर्धवट, पूर्ण पिकलेली अशी सगळी फळं असतात, म्हणजे तोडणीच्या फेऱ्या कराव्याच लागतात, आळस केला तर कपात कळतो. मग फळं पाण्यात टाकायची, तरंगतील ती हलकी म्हणून बाजूला, आणि बाकीची लगेच पसरायची. ढीग करून चहाला गेलात की आंबायला सुरुवात झालीच म्हणून समजा.

जमिनीपासून उंच जाळीच्या बेडवर सुरुवातीला एकाच फळाच्या जाडीचा थर ठेवायचा. पहिले काही दिवस फळं चिकट होतात, एकमेकांना धरून बसतात, ती बोटांनी सुटी करत राहायचं कारण बुरशी नेमकी त्या जोडावर धरते. नाक सतत चालू ठेवा! पिकल्या फळाचा गोडसर वास आला तर ठीक, व्हिनेगरसारखा नाकात गेला तर तेवढा भाग लगेच वेगळा काढा. रात्री दव पडायच्या आत झाकायचं. कडक उन्हात घाई केली तर साल कडक होते आणि आत ओल राहते, त्यामुळे साधारण २ ते ४ आठवडे धीर धरावाच लागतो. फळ कानाशी हलवलं की बी खुळखुळते, पण तेवढ्यावर विसंबू नका, थोडी फळं सोलून मीटर लावा, ओलावा १० ते १२ टक्के आला पाहिजे.

आता रोस्टिंग. नॅचरलच्या दाण्याला पातळ साल जास्त चिकटलेली असते आणि तो बाहेरून पटकन करपतो, म्हणून वॉश्डपेक्षा (फळ सोलून, बी धुऊन वाळवलेल्या कॉफीपेक्षा) जरा कमी तापलेल्या ड्रममध्ये टाकून सुरुवात करणं बरं. रंग एकसारखा येत नाही, त्याला घाबरू नका, फर्स्ट क्रॅकचा, म्हणजे दाणे पहिल्यांदा तडतडतात तो आवाज आणि वास यावर लक्ष ठेवा. सुटलेली साल जिथे जमते तो डबा मात्र वेळच्या वेळी साफ करा, आग लागते तिथून, हे कुणी आवर्जून सांगत नाही.

कपिंग, म्हणजे कॉफी गरम पाण्यात भिजवून चव तपासणं, रोज करा, १५० मिली पाण्याला ८.२५ ग्रॅम कॉफी. एकाच शेतातले दोन लॉट शेजारी ठेवून चाखा, एक वॉश्ड आणि एक नॅचरल, फरक लगेच कळतो. आणि नोकरीसाठी बोलायला जाल तेव्हा समोरच्याला वाळवणाची वही दाखवायला सांगा, कधी पसरलं, कधी झाकलं, ओलावा किती होता ते. वहीच नसेल तर तिथे शिकायला फारसं काही मिळणार नाही.